एका यंत्रावरचा राब

बाबा, आज फार दमले आहे, आणि ज्या कामाने दमले ते तुलाच सांगावंसं वाटतंय. तू गेलास तेव्हा आपल्या किन्हवलीत कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. मी आता मुरबाडच्या एका कारखान्यात तेच सांभाळते. आठ जुनी यंत्रं होती, प्रत्येकाचं काम वेगळं. ती काढून एकच मोठं आणलंय. तळाला ते खरं यंत्र, त्यावर त्याची ताकद वाटून देणारा एक प्रोग्राम, आणि त्याच्यावर पुन्हा आठ यंत्रं, जी हाताला लागत नाहीत. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. सगळ्यात वर रोजची कामं, हजेरी, गोदाम वगैरे. आठवडाभर हे थर रचताना मला सारखा आपला राब आठवत होता.

भाताची रोपं करायच्या जागेवर तू शेण पसरायचास, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, मग गवत, आणि वरून माती, आणि ते सगळं भाजायचास. एका उन्हाळ्यात मी हट्टाने काडी लावली, तीही वारा येतो त्या बाजूने. जाळ भसाभस धावला आणि विझलाही. तू वाकून खालची माती उकरतोस. "वाऱ्यासंगं लावलीस गो! वरवर पेटलं, खाली धग पन नाय लागली." आता मार बसणार, असं मला वाटतंय, तर तू पाटी उचलतोस. "चल, पातेरा आनू. परत रचू."

आज सकाळी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मी घाईने आठही यंत्रं एकदम चालू केली. सगळी एकाच डिस्कवर तुटून पडली आणि एकही धड उठेना. फाटकावर डोळखांबकडची माणसं हजेरीची कार्डं घेऊन खोळंबलेली. "मॅडम, हजेरी नाय लागत. दिस बुडला का आमचा?" एकाने खिडकीतून विचारलं. साहेब पाठीमागे उभे. तेवढ्यात तुझं ते "परत रचू" ऐकू आलं. मी सगळं बंद केलं. आधी एकटी हजेरी उठवली, ती स्थिरावल्यावर बाकीची, एकेक करून. कार्डं लागली. कुणाचा दिवस बुडाला नाही. मग खुर्चीत बसले, ते उठवेचना.

हे लिहून तरी कुठे पाठवणार! एवढंच कबूल करते. ते शब्द तुझे होते, पण कानात आवाज माझाच होता. तुझा आवाज मला आता आठवत नाही, बाबा.