कोंड्याच्या बदल्यात

शुक्रवार पेठ, सोलापूर
चैत्र वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप आक्का हिच्या चरणी महिपतीचा नमस्कार.

इकडे ठीक आहे. ऊन मी म्हणतंय. शाळा सकाळची झाली आहे. खानावळीच्या आमटीत तिखटाशिवाय काही सापडत नाही, तरी जगतोय. तुझ्या गुडघ्यांना तेल लावतेस की नुसतंच बाटलीकडे बघतेस?

जेऊरहून तुझं पत्र मिळालं. धोंडीरामाचं अक्षर सुधारलंय, पण ओळी अजून मेंढरांसारख्या कुठेही जातात, आईने लेकाला जरा कान पिळून सांगावं. तू जे मागितलंस त्याला मी मागच्या पत्रात चांगलं ठणकावून नाही म्हटलं होतं, आणि तू तेच पुन्हा मागितलंस. बारसं अडवून बसली आहेस. माझा होकार आल्याशिवाय पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवणार नाहीस, धनगरवाड्याच्या अंबुबाईकडून उचलवून घेणार नाहीस, कोंडा देऊन परत विकत घेणार नाहीस, एवढा धाकट्या भावाचा मान राखतेस. त्याचं उत्तर याच पत्रात आहे. पण आधी माझ्या वर्गाची हकीकत ऐक. धोंडीरामाला म्हणावं, हे घरात वाचू नकोस. मळ्यात जा, आणि हळू आवाजात वाच.

तुला ठाऊकच आहे, दिवाळीपासून मी शाळा सुटल्यावर मोठ्या मुलांचा एक वर्ग घेतो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं, विणकरांची, गिरणीवाल्यांची, एकदोन व्यापाऱ्यांची. विषय तत्त्वज्ञान. पेठेतल्या एका माडीवर बसतो. दोन वर्षांमागच्या त्या लष्करी कायद्याच्या धामधुमीपासून चार डोकी माडीवर जमली की पोलीस येतो, तसा आलाच. तत्त्वज्ञान म्हणजे काय, म्हणून विचारलं. मी समजावून सांगितलं तर म्हणाला, सरकारविरुद्ध नसलं म्हणजे झालं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, की यात कुणाच्या विरुद्ध काही नाही.

पोरं मात्र हुशार. मी वाकळेचा प्रश्न घातला. ठिगळं लावून लावून वाकळेत पहिल्या कापडाचा धागासुद्धा उरला नाही, तर ती तीच वाकळ का? ईरप्पा म्हणून एक वात्रट पोरगा आहे, तो म्हणाला, "सर, थंडी तीच हाय की." आम्ही पोट धरून हसलो. मग मी नावाचं काढलं. नाव म्हणजे तुम्ही नव्हे. नाव बाजूला ठेवा, गाव ठेवा, जात ठेवा, आईबाप ठेवा, आणि उरलेलं काय ते उभं राहून सांगा. कुणालाच जमेना. दोन वाक्यांत सगळे अमक्याचा मुलगा, तमक्या गल्लीतला, यावर येत.

कोंडीबाला जमलं. हा एका गिरणीकामगार बाईचा, मथुराबाईचा मुलगा, अबोल पोर. उभा राहून म्हणाला, "मला सोपं हाय सर. मी कुणाचाच न्हाय." त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा झाला तेव्हा, आपला नव्हेच असं दाखवायला, आईने त्याला केराच्या ढिगावर ठेवलं, शेजारच्या नागव्वाने उचललं, आणि सूपभर कोंड्याच्या बदल्यात आईने विकत घेतलं. तेव्हापासून आई त्याला नागव्वाचं पोर म्हणते. माझा असं एकदाही म्हटलेलं नाही. तापात उशाशी बसली तरी शेजारणीला सांगणार, नागव्वाच्या पोराला बरं न्हाय.

आक्का, तुझ्या आधीची गेली म्हणून तुझं नाव दगडाचं ठेवलं, हे आईने मला सांगितलं होतं. तरी मला त्या दिवशी राग आला. मी तासभर बोललो. भीतीने बोललेलं खोटं माणसाला किती लहान करतं, वगैरे. आणि सगळ्यांना सांगितलं, घरात जे खरं कुणी बोलत नाही असं एक वाक्य या आठवड्यात बोलून या. कोंडीबाला निराळं सांगायची गरजच नव्हती.

पुढच्या वेळी तो आला तो चेहरा बदलूनच. आईला त्याने विचारलं होतं, मी कुणाचा? ती म्हणे आधी चिडली, मग भाकरी थापायची थांबली, पिठाच्या हातांनी त्याचं तोंड धरलं आणि म्हणाली, माझा हाईस. पोरगा हे सांगताना हसत होता. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी त्यांना काही शिकवलंच नाही, उसाचा रस पाजून आणलं सगळ्यांना.

त्यानंतर कुणी एक अनोळखी बाई विचारत फिरू लागली.

आधी शाळेच्या शिपायाला विचारलं, मथुराबाईचं पोर कुठल्या वर्गात बसतं? मग गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याला. मग नागव्वालाच, तिच्या दारात, भर दुपारी. चेहरा कसा होता, ते कुणाला सांगता येईना. हिरवं लुगडं, एवढंच सगळे सांगत. मी म्हटलं, पोलिसांची हेर असेल. मुलांना ते पटलं, मलाही पटलं. कोंडीबाला मात्र ताप चढला. उतरेना. तरी तो वर्गाला येई, भिंतीला टेकून बसे, आणि जिन्याकडे बघे. मी घरी जा म्हटलं की म्हणे, घरात जास्त भ्या वाटतंय.

परवा वर्ग चालू असताना मला खाली कुणी हाक मारल्यासारखं झालं. मी जिन्याच्या दाराशी गेलो. बारा वाजून गेले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जिन्याच्या तळाशी ती उभी होती. अनवाणी. या उन्हात बाहेरून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम हवा की नको? नव्हता. पायांना फुफाटा नव्हता. बोलणं अगदी घरच्यासारखं, मायेचं. म्हणाली, "मास्तर, मथुराबाईचं लेकरू हितंच हाय न्हवं?"

खरं बोलण्यावर मी या पोरांचे कान किटवले आहेत. ती सगळी माझ्या पाठीमागे ऐकत होती. कोंडीबाच्या दातांचा आवाज मला येत होता. मी म्हणालो, "मथुराबाईला मूल नाही. इथे कोंडीबा आहे, तो नागव्वाचा. कोंड्यावर घेतलेला."

तिने मान हलवली. चुकीच्या घरी आलेलं माणूस हलवतं तशी, जरा ओशाळून. वळली. मला हायसं वाटलं. मग उंबऱ्याशी थांबून, मागे न बघता तिने विचारलं,

"आन मास्तर, तुमचं? जेऊरला हाय ते?"

आक्का, मी इथे कुणाला काही सांगितलेलं नाही. पेढे वाटले नाहीत. आधी गेलेल्या दोघांच्या वेळी वाटले होते, थाटाची नावं निवडली होती, गावभर सांगत सुटलो होतो, म्हणून या वेळी तोंड मिटून बसलो. खानावळवाल्यालासुद्धा ठाऊक नाही. हे फक्त तुम्हा घरच्यांना, बाळंतीण बजीला आणि मला ठाऊक, आणि मागच्या पत्रात मी माझा मुलगा, माझा मुलगा असं पानभर लिहिलं होतं तेवढंच.

मी उत्तर दिलं. म्हणालो, "मला मूल नाही, बाई. कधी जगलं नाही." ती उन्हात गेली. मी धावत खाली उतरलो तर रस्ता दोन्हीकडे रिकामा.

वर आलो तेव्हा कोंडीबा म्हणाला, "सर, तुमी खोटं बोलला." मी हो म्हटलं. "मग खरं बोलायचं ते कुणाशी?" आक्का, मी तिथेच वर्ग सोडला. ईरप्पासुद्धा हसला नाही. कोंडीबाचा ताप काल उतरला आहे. नागव्वाच्या घरी जेवतो, तिथेच निजतो. मथुराबाई मला वाटेत भेटली. पदर तोंडाला लावून म्हणाली, नागव्वाचं पोर बरं हाय आता. मग बराच वेळ रडली. तिला माझा हाईस हे वाक्य एकदाच बोलायला मिळालं, आणि तेही मी बोलायला लावलं.

ती बाई कोण हे तू ओळखलं असशील. नाव लिहून धाडू नकोस. मला अजूनही वाटतं की कुणी वेडसर बाई असेल, उन्हाने माझंही डोकं फिरलं असेल. मुलांना मी हेच सांगेन, कारण तसंच सांगायला हवं. पण जेऊर हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला आहे.

तेव्हा हे पत्र पोचेल त्याच दिवशी कर. बजीला हात लावू देऊ नकोस, तू उचल. केरात ठेव, अंबुबाईला म्हणावं नीट मोठ्याने बोल, चार बायकांना ऐकू जाऊ दे की पोर मला सापडलं. कोंडा भरपूर दे. नाव केरबा. माझं मागचं पत्र चुलीत घाल.

बजीला सांग, मी तिची चौकशी केली आहे. दुसऱ्या कुणाची केली नाही, हेही सांग. ती समजेल. रागावली तर रागावू दे.

सुट्टी लागली की येईन. पाहुण्यासारखा ओसरीवर बसेन. अंबुबाईचं पोर पाळण्यात रडलं तर मला उठू देऊ नकोस. मी हात पुढे केले तरी माझ्याकडे देऊ नकोस, आक्का, मी कितीही मागितलं तरी.

तुझा निपुत्रिक भाऊ
महिपती