आपल्या घरात कुणालाच काही नाही

चि. शालू,

भोकरदनहून उषाआत्याचे आशीर्वाद. तिकडच्या थंडीत कान झाकतेस ना? (झाकत नसशील, फोटोत टोपी कायम हातात असते.) इकडे आम्ही सगळे ठणठणीत. किती ठणठणीत, तेच सांगायला हे पत्र.

तू कळवलंस की जर्मनीत परक्या माणसाला आरोग्य विम्याशिवाय राहू देत नाहीत. सरकारी योजना महाग, पण आजार न विचारता घेते. तू पाहिलेली खासगी कंपनी स्वस्त, पण वडील, काका, आत्या सगळ्यांचे आजार विचारते. पंधरा तारखेच्या आत एक निवडायचं, आणि माहिती खोटी निघाली तर ऐन आजारपणात कंपनी हात वर करणार. खरी माहिती जमवायचं काम तू माझ्यावर टाकलंस. मी वही घेतली, एसटी पकडली आणि वडीगोद्रीला तुझ्या भुजंगकाकाकडे पोचले.

चूक माझी एवढीच की दारातच म्हणाले, "भुजंग, शालूसाठी विचारायचंय, तुला काय काय आजार आहेत?" आपल्याकडे पोरीचं नाव घेऊन घरातले आजार कधी विचारतात? स्थळ आल्यावर! भुजंगने गोळ्यांचा डबा उशीखाली सारला. "अक्का, मला बिलकुल काही न्हाई. पाव्हणे कुठले हायेत?" मी विमा हा शब्द अकरा वेळा उच्चारला. (मोजला.) तो डोळे मिचकावून म्हणाला, "बराबर हाय. ठरेपर्यंत असंच सांगायचं असतं."

मग निरोगीपणा सिद्ध करायला त्याने तीन चमचे साखरेचा चहा घेतला आणि वर दोन वाट्या शिरा. त्याची बायको पुष्पाबाई मागून हातवारे करत होती. मला वाटलं, आणखी वाढू का म्हणून विचारतेय. मी मान डोलावली आणि स्वतःच वाढला. तिसऱ्या वाटीला भुजंगला घेरी आली. शेजाऱ्यांच्या जीपमधून जालन्याला दवाखान्यात नेला. तिथे डॉक्टरांनी आधीचे आजार विचारले, तर हा पलंगावरूनही म्हणतो, काहीच न्हाई. (डॉक्टर पाव्हण्यांच्या नात्यातले निघाले तर?) साखर चारशेवर! आता घरी आलाय, भाकरी खातोय आणि मुलगा काय करतो म्हणून मलाच विचारतोय.

तुझ्या बाबांच्या कानावर हे गेलंच. रामकिसनने फोनवर स्वतःची मोतीबिंदूची शस्त्रक्रियासुद्धा नाकारली. काळा चष्मा म्हणे हौसेचा होता.

तेव्हा शालू, वही कोरी आहे. मुकाट्याने सरकारी योजना घे, चार पैसे जास्त गेले तरी. जो काही विचारत नाही त्यालाच आपलं खानदान परवडतं. आजार लपवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि बी.ए. झालेल्या बाईला तो सहन होत नाही.

तुझी
उषाआत्या

ता. क. मे महिन्यात मी तुझ्याकडे येतेय, त्या प्रवासाच्या विम्याचा अर्ज सोबत आहे. आजाराच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलंय ते खोडून 'रक्तदाब, चार वर्षांपासून' असं लिही. माझ्या हाताने ते होईना. गोळ्या वेलदोड्याच्या डबीत असतात.

ता. क. दुसरा. बाबांना सांगू नकोस, मला एकटीला येऊ द्यायचे नाहीत. आणि सदुसष्टाव्या वर्षी माझं कोणतं स्थळ अडणार होतं, हेही विचारू नकोस.