कुलपातलं पाणी

हिंगणवाडी, ता. अहमदपूर
२१ एप्रिल १९८३

ती. शरणप्पाअण्णांस,
ताराचा शरणार्थ, वि. वि.

पत्त्यावर आता जि. लातूर घाला. मागचं पत्र उस्मानाबादेला फिरून आलं. जिल्हा नवा झाला. टँकर जुनाच, आला तर आला.

आईची पाखराची गोष्ट मी दुसरीच्या वर्गाला सांगितली. पाखरू ढोलीत पाणी लपवतं, आणि लपवलेलं पाणी कडू होतं. पोरांनी वाटून घ्यायला शिकावं, एवढाच हेतू. आता वर्गातली रुद्राणी घरचं पाणी पीत नाही. तिचे वडील ईश्वरप्पा. त्यांच्या अंगणात आड आहे, गावात तेवढ्यालाच पाणी. वर झाकण, झाकणाला कुलूप. पाणी कडू झालं म्हणते. शाळेच्या रांजणावर दिवस काढते. एक तारखेपासून सुट्टी. मग काय पिणार? गोष्ट खोटी होती म्हणून सांगू का? जिवाला थारा नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ तेवढा आटू देऊ नका, बाकी आटलंच आहे.

तुमची तारा


देगलूर, जि. नांदेड
२६ एप्रिल १९८३

चि. तारास,
अ. आ.

खोटी म्हणू नकोस. गोष्ट खोटी पडली तर तुझे पाढेही खोटे पडतील. तू अर्धीच सांगितलीस, कारण अर्धीच ऐकलीस. कडू पाण्यापाशी तुला रोज झोप लागायची. पुढं पाखरू शेजारणींना हाका मारतं, त्या आधी पितात, मग पाणी गोड होतं. त्यावर आई जाग्या पोरांना एकाच तांब्यातलं पाणी द्यायची. तुझा घोट मी प्यायचो. वहिनी म्हणते, वर्गात तरी जागी राहत जा.

पोरीच्या घरी जा. शेवट तिथं सांग, ईश्वरप्पांसमोर. उशीर करू नको. आम्ही सगळे पत्राची वाट बघून राहिलोत.

तुझा अण्णा


हिंगणवाडी
४ मे १९८३

ती. अण्णांस,
शरणार्थ, वि. वि.

पत्र परवा मिळालं, तेव्हा सुट्टी लागलेली. तशीच गेले. रुद्राणी बाजेवर पडली होती, ओठ फुटलेले. बळंच पाजलेलं ओकून टाकलं होतं.

शेवट सांगितला. ती म्हणाली, मग कुलूप काढा. ईश्वरप्पा म्हणाले, बाई, गोष्टीनं आड भरतो का? गावाला पाजलं तर आठ दिवसांत तळ दिसेल. खोटं नव्हतं ते. त्यांच्या आई, पार्वतम्मा, पुढं आल्या. लेकाच्या करदोड्याची किल्ली ओढून घेतली आणि गल्लीत हाक दिली, या गं, घागरी आणा. बाया आल्या. त्या प्यायल्या. मग पोर प्यायली. तांब्या तोंडाचा काढेना.

संध्याकाळी कुलूप पुन्हा लागलं.

आज सकाळी रुद्राणी माझ्या खोलीवर आली, घरच्या पाण्याचा तांब्या घेऊन. बाई, आता कसं हाय ते तुम्हीच सांगा, म्हणाली. मी प्यायले. गोड म्हणावं तर कुलूप बरोबर ठरतं. कडू म्हणावं तर पोर पुन्हा पाणी सोडते. ती उंबऱ्यात बसली आहे, माझ्या तोंडाकडे बघत. तिला बसवून हे लिहिते आहे.

अण्णा, तुम्ही तर जागे होता. गोष्टीत त्याच्या पुढं काय आहे?

लोभ आहेच, उत्तर हवं.

तारा