पोटातला डाग

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९७५

— आणि सुई बाहेर. दुखले नाही. आत गॅलियम नावाचे किरणोत्सारी औषध गेले. शरीरात कुठे पू लपला असेल तर ते तिथे जाऊन बसते म्हणे. गुरुवारी यंत्र ते शोधणार. दोन महिने ताप. कारण सापडत नाही. यातही सापडले नाही तर पोट उघडून पाहणार. मला पोट उघडून घ्यायचे नाही.

माझ्या अंगातली किरणे लागतील म्हणून मुंबईहून घरी लोणावळ्यापर्यंत निवृत्ती मधे पिशवी ठेवून बसला. नवरा आहे माझा!

बुधवार, १२

टाकव्याहून चिमामावशी आली. तिने अंड्यावरची कोंबडी माझ्या खिडकीपासून लांब नेली.

उद्यासाठी पोट रिकामे हवे, म्हणून एरंडेल घ्यायचे. मावशी चिडली. "येवढं मुंबईचं औषध परसाकडं घालवायचं? डाक्टर येडा हाय का?"

तरी प्याले. तिने वर दूध दिले, तोंडाची चव जावी म्हणून.

गुरुवार, १३

एरंडेलाने काही झाले नाही. मावशी हट्टाने मुंबईला सोबत आली. डॉक्टरांनी विचारले, "पोट साफ झालं?" मी लाजले. मावशीच बोलली, "व्हय, समदं ठीक हाय."

यंत्र अंगावरून इकडून तिकडे सरकते. टकटक करते. कागदावर ठिपके. पोटात उजवीकडे मोठा काळा डाग.

"पू इथेच असावा. परवा ऑपरेशन."

निवृत्तीने माझा हात धरला. पिशवी खाली पडली. मावशी रडू लागली.

"दुधात जायफळ घातलंतं म्या! लय! औषध आत ऱ्हावं म्हनून."

डॉक्टरांनी कागद पुन्हा उचलला. म्हणाले, "म्हणजे हा डाग पू नसेलही. गॅलियम आतड्यातूनच बाहेर पडतं. ते अडकलं असेल. उद्या पुन्हा पाहू."

निवृत्ती हसला. मी नाही.

शुक्रवार, १४

एनिमा. याविषयी लिहिणार नाही.

दुपारी पुन्हा टकटक. पोटात डाग नाही! उजव्या जबड्यात मात्र एक ठिपका. कालच्या कागदावरही होता. काल सगळे पोटाकडेच पाहत होते.

"दाढ दुखते?"

"कधीच नाही."

शनिवार, १५

सकाळी दाढ काढली. मुळाशी पू. पोट शाबूत. मावशी यंत्राच्या फळीवर आडवी झाली आहे. "आता माजा गुडगा बगा," म्हणते. उतरत नाही.