रुळांवरचे ओरखडे

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस आणि घरी आले तर वहिनी दार अर्धंच उघडून तू झोपलायस म्हणून सांगते. भरदुपारी. मग पत्रच लिहायला बसले. रागाने फाडू नकोस, निदान शेवटपर्यंत वाच.

बाजारातल्या त्या इमारतीत लिफ्ट निसटून खाली आली आणि शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन्ही पाय निकामी झाले. लिफ्ट तपासल्याच्या दाखल्यावर सही तुझी. सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारांची चौकशी करायची हे आमच्या खात्याचं काम, पण सख्ख्या भावाची चौकशी मी कुठल्या तोंडाने करणार? साहेबांना तसं सांगितलं आणि प्रकरण बुवांकडे गेलं. बुवा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे, सदा ढेकर देणारे. तू त्यांची नक्कल करायचास. माणूस हसरा, पण कामात कुणाची भीडभाड ठेवत नाही. तू पास केलेल्या लिफ्टा एकेक करून बघत ते गेल्या आठवड्यात आईच्या इमारतीत आले. मी आईचे गुडघे शेकत बसले होते.

तुला नोकरी लागली तेव्हाचं आठवतं? पहिली तपासणी तू हट्टाने आईच्याच लिफ्टची मागून घेतलीस आणि आम्हा दोघींना दार उघडून आतले रूळ दाखवलेस. लिफ्ट सुसाट सुटली तर तिला पकडणारा ब्रेक असतो, तो दरवर्षी लावून बघायचा, आणि लावला की रुळांवर त्याच्या दातांचे ओरखडे उठतात, हे तूच मला शिकवलंस. ओरखडे नसले तर समज, तपासणारा घरी लोळत होता, असं म्हणून केवढा हसला होतास. आई आपल्या रुमालाने तुझे ग्रीसने बरबटलेले हात पुसत होती.

बुवांनी तेच दार उघडून बॅटरी माझ्या हातात दिली. रुळांवर एकाच वेळचे ओरखडे होते, गंजलेले. त्या दिवसाचे. पुढे काही नाही रे, नुसती धूळ. दाखले मात्र दरवर्षीचे. दुसऱ्यांच्या लिफ्टा तू घरबसल्या पास केल्यास याची मला लाज वाटलीच होती. पण जिच्यातून आपली आई रोज खाली-वर करते तीही? पैसे खाल्लेस की नुसता आळस केलास कोण जाणे, आणि आता कळून तरी काय करू.

मग बुवा आईजवळ बसले आणि मुलगा तपासणीला येतो का म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं. आई म्हणाली, येतो की, दरवर्षी येतो, काम आटपलं की माझ्यापाशी बसतो, जेवूनच जातो. मला वाटलं, ती तुला वाचवतेय. तसं नाही दादा. तुझी चौकशी चाललीय हे तिला ठाऊकच नाही, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे असंच तिला वाटतं. मुलगा इतकी वर्षं दाराशी फिरकलेला नाही, हे परक्या माणसासमोर तिच्या तोंडून निघेना. शेजारणींनाही ती हेच सांगत आली आहे. तू काय आवडीने खाल्लंस तेसुद्धा सांगते. बुवांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तिने खाली सही केली.

लिफ्टला आता सील लागलंय. जिने तिला उतरवत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, माझा मुलगा याच खात्यात आहे, तो येऊन चालू करेल.

उद्या माझा जबाब आहे. पहिल्या तपासणीला मी हजर होते हे बुवांना मीच सांगितलं. मी खोटं बोलणार नाही, आणि बोलले तरी ते रूळ तिथेच आहेत. पण मी खरं बोलले की आई खोटी ठरेल. तिला समोर बसवून विचारतील, मुलगा शेवटचा कधी आला होता, आणि ते तिला चारचौघांत सांगावं लागेल. तुझी नोकरी जाणार ती जाणारच, त्याबद्दल माझं काही मागणं नाही. फक्त माझ्याआधी तू जाऊन कबूल कर, म्हणजे आईला कुणी बोलावणार नाही. तू येशील असं मला वाटत नाही. तरी सकाळी मी कचेरीत जबाबाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसेन आणि माझं नाव पुकारेपर्यंत दाराकडे बघत राहीन.

तुझीच,
ठमी