बाबांचं कानाचं मशीन

ताई,

तू बजावलं होतंस, "वेबसाइटवर दुकानाचा पत्ता नाही, पैसे आधीच मागतायत, वर निम्मी किंमत! थांब जरा." मी तुलाच फटकारलं, "तुला माझं काही बघवतच नाही."

मी मागवलंच, आणि खोक्यातून मशीनच्या नावाखाली प्लॅस्टिकचं खेळणं निघालं. वेबसाइट तोवर गायब झाली होती. मला रडू फुटणार, तोच बाबांनी ते कानात घातलं. म्हणाले, "अगं, झकास ऐकू येतंय!"

तेव्हापासून काहीही विचारलं तरी ते हसून "हो, हो" म्हणतात. काल मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणाले, "बाबा, मी फसले हो." ते पेपर वाचत राहिले.

हे तुला कळवायला हवं. पण तू मला एका शब्दानंही बोलणार नाहीस, आणि तेच मला सोसणार नाही. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझी,
धाकटी