खोकून बरा झालेला नर

खराडी, पुणे

प्रिय इनास,

तुला आणि मोनिकाला देव सुखात ठेवो. मी इथे लेकीकडे मजेत आहे. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

तो नवा नर अजून आपल्या डुकरिणींत सोडला नसशील, अशी आशा आहे. विकणारा म्हणाला ना, “खोकला येऊन गेलाय, आता पक्का झालाय”? तू विचारलं नव्हतंस, तरी म्हणाला. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, न विचारता दिलेला खुलासा म्हणजे अर्धी कबुली. आणि नाताळाच्या तोंडावर धडधाकट जनावर कोणी स्वस्तात देतं का?

लवीनाला विचारलं. तुझी भाची जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत उगाच नाही बसलेली. ती म्हणते, डुकरांच्या खोकल्याचा एक विषाणू फुप्फुसातल्या जंतू खाणाऱ्या पेशींतच शिरतो.

“म्हणजे पहारेकरीच फितूर?” मी म्हटलं.

“फितूर नाही गं मम्मी, मेलेले. मग दुसरे जंतू सरळ आत. आणि खोकला थांबला तरी तो विषाणू कित्येक आठवडे अंगात राहू शकतो.”

तेव्हा त्याला विहिरीपलीकडच्या शेडमध्ये एकटा ठेव, बादलीही वेगळी. रक्त तपासल्याशिवाय कळपात सोडू नकोस. विकणाऱ्याच्या शब्दावर तर मुळीच नको.

मोनिकाचा गुडघा कसा आहे?

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, “माझाही खोकला आता थांबलाय.” तेही मी विचारलं नव्हतं, इनास. उद्याच डॉक्टरांकडे जा.

तुझी ताई,
फिलोमिना